मासे मेल्यावर नदीचा पंचनामा: पाणी, कल्ले आणि परजीवी कोणत्या क्रमाने तपासायचे

गळीत हंगाम संपत आला आणि नदीची धार बारीक झाली की मला फोटो यायला लागतात. बंधाऱ्याच्या भिंतीला टेकलेला पांढऱ्या पोटांचा थर, कडेला फेस आणि खाली एकच प्रश्न: कशाने मेले असतील? फोटोवरून ते कुणालाच सांगता येत नाही. फोटो काढणारी मंडळी बहुधा दुपारी बाराला पोचलेली असतात. त्यातला फुगलेला मासा उचलतात, नळाखाली स्वच्छ धुतात, फ्रीजरमध्ये टाकतात आणि दोन दिवसांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन देतात. तोवर त्या माशाकडे सांगण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

ही पद्धत पंचगंगा-कृष्णेच्या पट्ट्यातले कोल्हापुरी बंधारे डोळ्यापुढे ठेवून लिहिली आहे. इंद्रायणी, पवना, मुळा-मुठेवरही क्रम हाच राहील. भोई, शाळा-कॉलेजांचे निसर्गगट, ग्रामपंचायतीतली उत्साही पोरं, कुणालाही हे जमतं. मात्र पायऱ्या उलटसुलट केल्या की पुढचं सगळं वाया जातं.

पायरी १: पिशवी आधीच भरून ठेवा

मासे मेल्याचा फोन आल्यावर सामान शोधत बसलात तर सूर्य वर येतो. पिशवीत हे कायम असू द्या: थर्मामीटर, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू (डीओ) मोजायचं मीटर किंवा थेंब मोजून करायचं कीट, पीएच पट्ट्या, टोकदार कात्री, चिमटा, दहापट भिंग, पांढरं ताट, काचपट्ट्या आणि त्यावर ठेवायच्या पातळ काचा, मोजपट्टी, छोटा वजनकाटा, हातमोजे. ७० टक्के अल्कोहोलच्या तीन-चार कुप्या. एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या, त्यातल्या दोन गडद काचेच्या. ॲल्युमिनियमची फॉइल, झिपच्या पिशव्या, थर्मोकोलचा डबा. बर्फ सकाळी मासळीवाल्याकडून मिळतो, त्याचा नंबर लिहून ठेवा. वही आणि शिसपेन्सिल घ्या. शाईचं पेन नको, ओल्या हातानं सगळं पसरतं.

कल्ल्याचा तुकडा पेशींच्या तपासणीसाठी ठेवायचा असेल तर १० टक्के फॉर्मेलिन लागतं. बाजारातल्या फॉर्मेलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. हे घरात, शाळेच्या वर्गात मिसळू नका. वाफ डोळ्यांना, घशाला झोंबते आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. प्रयोगशाळेतून तयार, घट्ट झाकणाची कुपी आणा.

पिशवीत न मावणारी एक तयारी राहते आणि तीच सगळे टाळतात. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात पाणी वाहतं असताना, त्याच बंधाऱ्यावर एकाच जातीचे दहा मासे तपासून नोंद ठेवा. तुमच्या नदीतल्या धडधाकट चिलापीच्या कल्ल्याचा रंग कसा असतो हे तुम्ही पाहिलेलंच नसेल, तर मार्चमध्ये तो फिका पडलाय हे कशावरून ठरवणार?

*तपासा: डीओ मीटर निघण्यापूर्वी जुळवून घेतलंय का? प्राणवायूनं पूर्ण भरलेल्या पाण्यात २५ अंशाला साधारण ८.३ आणि ३० अंशाला ७.५ मिलीग्रॅम प्रतिलिटर असतो. कोल्हापूर-सांगलीच्या उंचीवर किंचित कमी. बादलीतलं पाणी दहा मिनिटं घुसळून मोजा. मीटरनं ४ किंवा १२ दाखवलं तर ते नदीवर नेऊ नका.*

पायरी २: उजाडायच्या आत पोचा, आणि योग्य जागी पोचा

दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ, गाळातले जिवाणू आणि मासे मिळून तो वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी. हिरव्या पाण्याच्या डोहात पहाटे पाचला १ मिलीग्रॅम असेल आणि दुपारी दोनला १० सुद्धा. दुपारचा आकडा घेऊन कुणी "पाण्यात भरपूर ऑक्सिजन होता" असा अहवाल दिला तर तो खोटा नसतो, फक्त निरुपयोगी असतो. हे मी स्वतः केलेलं आहे. पहिल्याच वर्षी साडेअकराचा आकडा छातीठोकपणे लिहून दिला आणि पुढे कुणी आमची बाजू ऐकूनच घेतली नाही.

दुसरी चूक जागेची. मेलेला मासा सहसा आधी बुडतो. पोटात वायू धरला की वर येतो. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात हे लवकर होतं, थंडीत जास्त वेळ लागतो. म्हणजे बंधाऱ्यावर तरंगणारा फुगीर मासा काल-परवा, कदाचित दोन-तीन किलोमीटर वर, मेलेला असू शकतो. बंधारा फक्त त्याला अडवतो. "बंधाऱ्यावर मासे मेले" हे वाक्य म्हणूनच जपून लिहावं. तुम्हाला हवी आहे ती जागा, जिथे मासे *आत्ता* वर येऊन तोंडं उघडतायत. ती बहुधा भोई मंडळींना माहीत असते. त्यांना आदल्या रात्रीच विचारा.

बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायला घालतात त्या फळ्या) कधी घातले, कधी काढले, हे पहिल्या ओळीत लिहा. बरगे घातले की मागे पाणी तुंबतं आणि तळाशी काळा गाळ साठतो. ते एकदम काढले की तळातलं प्राणवायू नसलेलं पाणी एका लोंढ्यात खाली जातं. वळवाचा पहिला जोरदार पाऊसही हेच करतो: नाल्यात महिनोन्‌महिने साठलेली घाण तासाभरात नदीत. त्या दिवशी कुठल्याही कारखान्यानं काही न सोडताही मासे मरू शकतात.

पायरी ३: माशाला हात लावण्याआधी पाणी

जाळं पडलं की गाळ ढवळतो आणि आकडे बिघडतात. म्हणून पाणी आधी. तीन जागा घ्या: मासे मरतायत ती, तिच्या वरची जिथे मासे ठीक आहेत ती, आणि मध्ये एखादा नाला मिळत असेल तर त्याच्या तोंडाशी. प्रत्येक ठिकाणी तापमान, डीओ, पीएच, रंग, वास आणि घड्याळातली वेळ.

डीओ कीटची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरा आणि पाण्याखालीच बूच लावा. आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा वाढतो. कीटमधली रसायनं काठावरच घाला, "घरी जाऊन करू" नको.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात डीओ किमान ४, पीएच ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलीग्रॅम असावा असं आहे. ३ च्या खाली बहुतेक मासे त्रासात दिसतात, १ च्या आसपास मरायला लागतात. पीएच आणि तापमान वाढलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून तिन्ही आकडे एकत्रच वाचायचे.

आसवनीतल्या, म्हणजे मळीपासून मद्यार्क काढायच्या कारखान्यातल्या, सांडपाण्याला गावात सरसकट "मळी" म्हणतात. ते कच्चं असताना त्याची प्राणवायूची भूक लिटरमागे ४०,००० मिलीग्रॅमच्या घरात असते. नदीच्या एका लिटरमध्ये प्राणवायू सात मिलीग्रॅम. भागाकार तुम्हीच करा: असलं एक लिटर पाणी साडेपाच हजार लिटरहून जास्त नदी गुदमरवू शकतं. म्हणूनच विष असं काही न सापडताही हजारो मासे मरतात, आणि "पाण्यात विषारी घटक आढळले नाहीत" या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही.

*सावध: पाण्याला सडक्या अंड्याचा उग्र वास येत असेल तर नाल्याच्या तोंडाशी वाकून उभे राहू नका. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचा धोका पावसाळ्यापुरता नसतो.*

पायरी ४: दहा मिनिटं नुसतं बघा

कोण मरतंय आणि कोण मरत नाही, यात निम्मं उत्तर असतं.

मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात. रोहू, कटला, मृगळ मरतायत, पण मरळ-मांगूर शाबूत आहेत आणि चिवट चिलापीही तग धरून आहे, तर प्राणवायू संपलाय असं धरा. अशा वेळी मोठे मासे आधी जातात, बारके पृष्ठभागाशी टिकतात, खेकडे पाण्याबाहेर काठावर चढतात. याउलट मरळसुद्धा उलटा पडला, लहान-मोठे सगळे एकदम गेले, मरणं दिवसाउजेडी भर दुपारी झालं, तर विषाचा संशय घ्या. गोड्या पाण्यातल्या कोळंब्या, खेकडे आणि पाण्यातले किडे मेलेत, मासे मात्र झटके देत गरागरा फिरतायत, तर वरच्या अंगाला कुणी कीटकनाशक फवारलंय का, पंप नदीत धुतलाय का, हे विचारा.

आणखी एक शक्यता लोक विसरतात: कुणीतरी मुद्दाम मासे मारलेत. स्फोट करून किंवा पाण्यात विष, ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, आणि तरी होतं. स्फोटातल्या माशाला बाहेरून ओरखडाही नसतो. आत हवेची पिशवी फुटलेली आणि रक्त साकळलेलं दिसतं. पायरी ७ मध्ये ते कळेल.

पायरी ५: मरणारा मासा घ्या, मेलेला नको

एकाच जातीचे पाच ते दहा मासे, जिवंत पण मलूल. पागानं किंवा हातजाळ्यानं धरा. शिंगट्याच्या काट्याला जपा. बादलीत त्याच नदीचं पाणी आणि एका बादलीत दोन-तीनच मासे. नळाचं पाणी अजिबात नको. त्यातल्या क्लोरीननं बारीक परजीवी मरतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर धुऊन जातो. तपासायचा असतो तोच थर.

मासा मेला की बाहेरचे परजीवी त्याला सोडून जातात किंवा मरतात. काही तासांत कल्ले फिके, मग राखाडी होतात. डोळे पांढुरके झालेला मासा रोगनिदानाला बाद समजा. रासायनिक तपासणीसाठी चालेल, तेवढाच.

मासा बाहेर काढल्यावर डोक्यावर एक नेमका फटका देऊन मारा. तडफडत ठेवू नका. क्रूरपणा आहेच, शिवाय अंग घासून खोट्या जखमा तयार होतात. मग लांबी आणि वजन. त्यावरून माशाचा बांधा सांगणारा आकडा काढा: १०० गुणिले वजन (ग्रॅम), भागिले लांबीचा (सेंटिमीटर) घन. ३० सेंटिमीटरचा रोहू ३०० ग्रॅमचा असेल तर १.११ येतो, २०० ग्रॅमचा असेल तर ०.७४. दुसरा मासा महिनोन्‌महिने उपाशी किंवा आजारी आहे, तो आज सकाळच्या पाण्यानं बारीक झालेला नाही. तुलना त्याच जातीशी, त्याच ऋतूतल्या नोंदीशीच करा. अंड्यांवर आलेली मादी हा आकडा फुगवते.

पायरी ६: आधी बुळबुळीत थर, मग अंग, मग कल्ले

पातळ काचेच्या कडेनं डोक्यामागून शेपटीकडे हलकेच खरवडा, काचपट्टीवर नदीच्या पाण्याचा एक थेंब घालून त्यात मिसळा आणि शंभरपट सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघा. शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो.

दातेरी चक्रासारखं गरगर फिरतं ते ट्रायकोडिना. सावकाश लोळणारा मोठा गोळा आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक, तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा जीव, इक्. लांबट, एका टोकाला आकडे आणि पोटात पिल्लू दिसणारा तो गायरोडॅक्टिलस. त्याचा चुलतभाऊ डॅक्टिलोगायरस कल्ल्यांवर सापडतो, त्याला डोळ्यांचे चार काळे ठिपके असतात.

नुसत्या डोळ्यांनी दिसणारे दोन: माशाची ऊ म्हणजे आर्ग्युलस, चपटी, पारदर्शक, अंगावर सरसर पळते. आणि लर्निया, खवल्याखालून बाहेर आलेला सुतासारखा धागा, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. लर्निया उपटू नका, डोकं आत तुटतं. भोवतालचं मांस कापून अल्कोहोलमध्ये टाका.

अंगावरचा कापसासारखा पुंजका ही बुरशी. ती बहुतेक वेळा आधीच्या जखमेवर येते, पहिलं कारण ती क्वचितच असते. हिवाळ्यात मरळीला खोल, लाल, खड्डा पडलेले व्रण दिसले तर तो ईयूएस (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम), भारतात १९८८ पासून असलेला रोग. तोही बुरशीसारख्याच जीवाचा, पण मूळ रोग असलेला. त्याची खबर मत्स्यव्यवसाय विभागाला द्या. जूनमध्ये चढणीच्या माशांची मुस्कटं आणि पर खरचटलेले असतात. ते दगडांवर आपटून झालेलं असतं, त्याला रोगाच्या रकान्यात टाकू नका.

आता कल्ल्याचं झाकण कापा. लालभडक आणि सुटी पातं: ठीक. लालच, पण तोंड वासलेलं आणि झाकणं ताणून उघडी: गुदमरून गेलेला. चॉकलेटसारखे तपकिरी, रक्तही तसंच: नायट्राइट. सुजलेले, काळसर लाल, चिकट स्राव भरलेला: अमोनिया किंवा दाह करणारं दुसरं काही. फिके गुलाबी: रक्तक्षय, बहुधा जुनं दुखणं. पातं मातीनं भरलेली: वाळूउपसा वर चालू आहे का बघा.

*तपासा: कल्ल्याचा रंग मारल्यापासून पाच मिनिटांत लिहिला का? फोटोत शेजारी पांढरं ताट आहे का? पहाटेच्या बॅटरीच्या उजेडात रंग फसवतात.*

पायरी ७: पोट उघडणं

गुदद्वारापासून पुढे, कात्रीचं टोक वर ठेवून उथळ कापा, आतडं फुटू देऊ नका. क्रमानं हवेची पिशवी, यकृत, पित्ताशय, प्लीहा, आतडं. पित्ताशय ताणून भरलेलं असेल तर मासा बराच वेळ खात नव्हता. यकृत पिवळट, ठिपकेदार असेल तर लिहा, पण एका माशावरून बोलू नका. पोटाच्या पोकळीत, आतड्याबाहेर, पांढरी चपटी फीत सापडली तर तो लिग्युला नावाचा कृमी. आतड्याच्या आत काटेरी डोक्यानं भिंतीला रुतलेले कृमी मिळाले तर मोजून, अल्कोहोलमध्ये जपून ठेवा. युरोपातल्या नद्यांत अशा कृमींमध्ये शिसं माशाच्या मांसापेक्षा कित्येक पटींनी जास्त साठलेलं मोजलं गेलं आहे. वापर कसा करायचा हे प्रयोगशाळा ठरवेल.

पायरी ८: परजीवी सापडले, आता काय म्हणायचं?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. एक गट म्हणतो, "किडे सापडले, म्हणजे पाणी घाण." दुसरा, बहुधा ज्याच्यावर बोट आहे तो, म्हणतो, "किड्यांनी मेले, प्रदूषणाचा संबंध नाही." दोन्ही कच्चं आहे.

निरोगी नदीतल्या निरोगी माशावरही परजीवी असतात. प्रश्न असतो कोणते, किती, आणि सोबत काय. ट्रायकोडिनासारखे, एकाच माशावर आयुष्य काढणारे, सांडपाण्याच्या पाण्यात वाढतात: त्यांना जिवाणू खायला मिळतात आणि माशाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. पण ज्यांना आधी गोगलगाय, मग मासा, मग बगळा असे तीन यजमान लागतात, त्यांचं चक्र प्रदूषणानं तुटतं. गोगलगायी मेल्या की संपलं. अंगावर काळे बारीक ठिपके पाडणारे कृमी याच गटातले. म्हणून ठिपकेदार, तरी पोट भरलेला, चपळ मासा मला बरा वाटतो: त्या पट्ट्यात गोगलगायीही जगतायत आणि पक्षीही येतायत. उलट एकही आतला कृमी नाही आणि कल्ल्यांवर ट्रायकोडिनाचा खच, अशी नदी काळजीची.

आणि परजीवी सहसा एका पहाटेत हजारो, वेगवेगळ्या जातींचे मासे मारत नाहीत. ते आठवडेन्‌आठवडे, एखाद-दुसऱ्या जातीला, रोज थोडे थोडे मारतात. सगळ्या जाती एका रात्रीत गेल्या असतील तर अंगावरच्या चार लर्निया त्या मरणाच्या साक्षीदार आहेत, मारेकरी नव्हेत. कल्ले आधीच परजीवींनी सुजलेले असतील तर मात्र ज्या प्राणवायूत धडधाकट मासा तगला असता तिथे हा मरतो. दोन्ही ओळी अहवालात लिहा.

पायरी ९: नमुने आणि तक्रार, त्याच दिवशी

कीटकनाशकाचा संशय असेल तर पाणी गडद काचेच्या बाटलीत आणि मासा फॉइलमध्ये. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि प्लॅस्टिकची पिशवी. सगळं बर्फात. पेशींची तपासणी करायचा मासा गोठवायचा नाही, बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. प्रत्येक पिशवीत शिसपेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: जागा, तारीख, वेळ, जात, कुणी घेतला.

इतकं करूनही तुमची बाटली न्यायालयात पुरावा ठरेलच असं नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं कसा घ्यायचा, संबंधिताला नोटीस, दोन भाग, मोहर, सह्या, हे सांगितलेलं आहे. म्हणून तुमचं खरं काम आहे अधिकाऱ्याला पाणी बदलायच्या आत काठावर आणणं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पहाटेच फोन आणि लगेच लेखी ईमेल, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला प्रत, तलाठ्याकडून पंचनामा. ईमेलमध्ये कुणाचं नाव घेऊन आरोप नको. वेळ, डीओ, पीएच, जाती, बरग्यांची स्थिती आणि फोटो एवढंच द्या. आकडे असलेल्या तक्रारीला "पाहणी केली, काही आढळले नाही" असं उत्तर देणं जड जातं.

*सावध: मेलेले किंवा मलूल मासे खाऊ नका, विकू देऊ नका, कोंबड्या-कुत्र्यांना टाकू नका. नीट शिजवल्यानं परजीवी मरतात, पण कीटकनाशक आणि धातू तसेच राहतात. उरलेले मासे काठापासून दूर, विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.*

पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच पहाटेच्या वेळी परत जा. मीटर, ताट आणि तीच वही घेऊन. बारकी पिल्लं काठाला दिसतायत का ते आधी बघा, मग पाणी मोजा.